सरकत्या रेषा आणि धावणारे पालक

सोलापूरच्या घराघरांत उन्हाळा दोन चिंता घेऊन येतो. एक पाण्याची आणि दुसरी शाळेची. पाण्याची चिंता आता अंगवळणी पडली आहे; नळ कोणत्या दिवशी येणार, याचा हिशेब आमच्या गृहिणी तिथीवाराप्रमाणे सांगतात. शाळेची चिंता मात्र दरवर्षी नवे रूप धारण करून उभी राहते. ‘मुलाचे नाव आत्ताच काढून दुसऱ्या शाळेत घालावे, की थोडे थांबावे?’ पूर्वी हा प्रश्न बदलीच्या नोकरीत असणाऱ्यांना पडे. आता तो जागचे न हलणाऱ्यांनाही पडू लागला आहे. माणूस जागेवर असतो. त्याच्या पायाखालची रेषा हलवली जाते.

२०२४ च्या एप्रिल महिन्यात शहराच्या पूर्व भागात एका यंत्रमाग कामगाराच्या घरी बसलो होतो. कुंभारीच्या रे नगर वसाहतीत त्यांना घर मिळाले होते. नवरा आनंदात होता. बायको विड्या वळता वळता मधेच थांबली आणि म्हणाली, “काका, पोराचं नाव आत्ताच तिकडं घालू का, का कोर्टाचा निकाल लागेपर्यंत थांबू? तुम्ही पेपरवाले, तुम्हाला ठावं असंल.” तीस वर्षे लेखणी चालवणाऱ्या माणसाला त्या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे तिला उशिरा दिलेले उत्तर आहे. ते केवळ तिला उद्देशून नाही. आपणा सर्वांना, आणि आपण निवडून दिलेल्या राज्यकर्त्यांनाही ते उद्देशून आहे.

एका किलोमीटरची गोष्ट

घटनाक्रम नीट पाहिला पाहिजे. १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते रे नगरमधील १५ हजार घरांचे लोकार्पण झाले. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरावेचक अशा श्रमिकांना हक्काचे छप्पर मिळाले. आपल्यालाही बालपणी अशा घरात राहायला मिळाले असते तर, असे म्हणताना पंतप्रधानांचा कंठ दाटून आला होता. सोलापूरच्या इतिहासातील तो खरोखरच मंगल दिवस होता. परंतु कुंभारी हे गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात, महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. शहरातल्या पेठेतून तेथे राहायला जाणारे कुटुंब केवळ घर बदलत नाही. ते महापालिकेच्या शाळेच्या छत्राखालून जिल्हा परिषदेच्या छत्राखाली जाते. आमच्या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार माध्यमांची मुले शेजारीशेजारी वाढतात. तेलुगू माध्यमात शिकणाऱ्या मुलाला नव्या ठिकाणी त्याच माध्यमाची शाळा मिळेल का, हा विचार घराची किल्ली हातात पडली त्या दिवशी कोणाच्याही मनात आला नसेल. तो नंतर रात्री झोप उडवतो.

हे लोकार्पण होऊन तीन आठवडे उलटतात न उलटतात, तोच ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने शिक्षण हक्काच्या नियमांत दुरुस्ती केली. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून देशभर लागू झाला. या कायद्याच्या कलम १२ नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील बालकांना विनाशुल्क द्यावयाच्या असतात. दुरुस्तीने असे ठरवले की, ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या परिघात शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित शाळा आहे, त्या खासगी शाळेवर हे बंधन राहणार नाही. नकाशावर परकाराने एक वर्तुळ काढायचे आणि त्या वर्तुळात एखादी सरकारी शाळा सापडली की गरिबाच्या मुलासाठी खासगी शाळेचे दार बंद! सोलापूरसारख्या दाट वस्तीच्या शहरात अशा वर्तुळाबाहेर किती शाळा उरतील, याचा अंदाज शहरात एक फेरफटका मारला तरी येतो.

नकाशावरचा किलोमीटर हा पक्ष्याचा किलोमीटर असतो, मुलाचा नव्हे. पक्ष्याला रेल्वेचे रूळ आडवे येत नाहीत, जडवाहतुकीचा रस्ता आडवा येत नाही, पावसाळ्यात भरून वाहणारा नाला आडवा येत नाही. सहा वर्षांच्या मुलाला हे सारे आडवे येते. मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यावरून मात्र रूळही दिसत नाहीत आणि नालाही दिसत नाही.

१६ एप्रिलला नव्या नियमानुसार अर्ज भरणे सुरू झाले. एरवी या जागांसाठी झुंबड उडते. त्या वेळी राज्यभरातून आलेले अर्ज जेमतेम ७० हजारांच्या घरात होते. पालकांनी न बोलता दिलेला तो कौल होता. ६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दुरुस्तीला स्थगिती दिली. जुन्या पद्धतीने पुन्हा अर्ज मागवण्यात आले, तेव्हा सुमारे नऊ हजार शाळांतील एक लाखाहून काही अधिक जागांसाठी २ लाख ४० हजारांच्या आसपास अर्ज आले. १९ जुलै २०२४ रोजी मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने ही दुरुस्ती मूळ कायद्याशी आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २१-अ शी विसंगत ठरवून रद्द केली. ऑगस्ट महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

न्याय मिळाला, हे खरे. पण शाळा १५ जूनला सुरू झाल्या होत्या आणि निकाल १९ जुलैला लागला. या मधल्या काळात एकाच चाळीत तीन प्रकारची घरे दिसत होती. एकाने नव्या नियमापुढे मान तुकवून मिळेल ती शाळा घेतली. दुसऱ्याने भिशी मोडून, प्रसंगी दागिना गहाण ठेवून खासगी शाळेची फी आधीच भरून टाकली. तिसरा थांबला, त्याचे मूल सव्वा महिना गॅलरीत उभे राहून शेजारच्या मुलांची दप्तरे पाहत राहिले. सांगा, या तिघांपैकी चुकले कोण? जो धावला तो फसला, जो वाकला तो फसला आणि जो थांबला त्याच्या मुलाचे दिवस वाया गेले. तिन्ही वाटांवर काटेच पसरलेले असतील, तर दोष चालणाऱ्याचा नसतो, वाट आखणाऱ्याचा असतो.

शासनाचे म्हणणे आणि त्यातील अर्धसत्य

वाद एकांगी होऊ नये म्हणून शासनाची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. शासन म्हणते, आमच्या शाळा ओस पडत आहेत, आमचे शिक्षक रिकामे बसत आहेत. अशा वेळी शेजारच्या खासगी शाळेला प्रत्येक मुलामागे वर्षाला १७ हजार ६७० रुपयांपर्यंतचा परतावा का द्यावा? हा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. सरकारी शाळा भरल्या पाहिजेत, असे प्रस्तुत लेखकालाही मनापासून वाटते. खासगी संस्थाचालकांची तक्रारही खोटी नाही. परतावा वर्षानुवर्षे थकतो आणि लहान संस्था मेटाकुटीला येतात.

परंतु औषध कोणाला पाजले ते पाहा. सरकारी शाळा ओस पडल्या त्या गरिबांमुळे नव्हे. त्या आधी सोडल्या अधिकाऱ्यांच्या मुलांनी, मग प्राध्यापक-वकील-डॉक्टरांच्या मुलांनी, मग कारकुनांच्या मुलांनी आणि शेवटी, हे सांगताना संकोच वाटतो, त्याच शाळांतील अनेक शिक्षकांच्या मुलांनी. ज्याच्या खिशात फी होती त्याला एक किलोमीटरची रेषा कधी अडवत नव्हती आणि ९ फेब्रुवारीनंतरही अडवणार नव्हती. वर्तुळ आखले गेले ते फक्त रिकाम्या खिशाभोवती. सरकारी शाळेची अब्रू राखायची तर ती सर्वांनी मिळून राखायची असते. ज्याला पळता येत नाही त्याच्या पायात बेडी घालून ती राखली जात नाही.

त्या वेळी राज्यात जे सरकार होते, त्यात आपल्या विचारांच्या मंडळींचा मोठा वाटा होता. म्हणूनच हे अधिक परखडपणे लिहिले पाहिजे. परक्याची चूक दाखवायला धैर्य लागत नाही. समरसतेचे बौद्धिक ऐकत आपण मोठे झालो. श्रीमंताचे आणि श्रमिकाचे मूल एका बाकावर बसून एका डब्यातला घास वाटून खाते, याहून समरसतेचा मोठा प्रयोग कोणता? तो प्रयोग कायद्याने आयता हाती दिला होता. तो मोडण्याचा उद्योग आपल्याच माणसांच्या सहीने व्हावा, याचे वैषम्य वाटल्याशिवाय राहत नाही.

पटसंख्येची रेषा

एक किलोमीटरची रेषा न्यायालयाने पुसली. दुसरी एक रेषा अधिक फसवी आहे, कारण ती कोणत्याही नकाशावर दिसत नाही. ती शाळेच्या हजेरीपटावर असते. ३० सप्टेंबरची पटसंख्या मोजायची, तिच्या आधारे संचमान्यता करायची आणि शिक्षकांची पदे ठरवायची, अशी आपल्याकडची पद्धत आहे. पट अमुक आकड्याच्या खाली घसरला की शिक्षक कमी होतो. आणखी घसरला की शाळाच बंद करण्याची भाषा सुरू होते. २०१७ च्या डिसेंबरात दहा किंवा त्याहून कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून त्यांतील मुलांना जवळच्या शाळांत सामावण्याचा निर्णय जाहीर झाला होता. पुढे २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी ‘समूह शाळा’ ही कल्पना आली. त्या वेळी अशा शाळांची शासकीय संख्या १४,७८३ आणि त्यांत शिकणाऱ्या मुलांची संख्या १ लाख ८५ हजारांहून अधिक होती. वाड्या-वस्त्यांवरची ही मुले आहेत. पानशेत आणि तोरणमाळ येथील प्रयोगांचा दाखला त्या वेळी देण्यात आला. चांगली इमारत, पुरेसे शिक्षक, प्रयोगशाळा आणि मुलांना ने-आण करणारे वाहन या गोष्टी खरोखर मिळणार असतील, तर कल्पना म्हणून समूह शाळा त्याज्य नाही. अडचण अशी की आपल्याकडे शाळा बंद होण्याचा आदेश लगेच पोहोचतो आणि वाहन मात्र वाटेतच कुठेतरी बिघडते.

सोलापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. १९९२ मध्ये महापालिकेची हद्दवाढ झाली. शेळगी, बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव ही गावे एका रात्रीत शहर झाली. तीन दशके उलटून गेली तरी त्या परिसराला आपण आजही ‘हद्दवाढ भाग’ म्हणूनच ओळखतो. रेषा एका आदेशाने सरकली. रस्ते, पाणी आणि गटारे यांना मागून यायला वर्षानुवर्षे लागली. ज्या शहराने हे सोसले आहे, त्या शहराच्या पालकाने ‘आधी शाळा हलवू, सोयी मागून येतील’ या आश्वासनावर विश्वास का ठेवावा?

म्हणून पालक धावतो. येथेच या लेखाचा खरा मुद्दा येतो. समजा, एका वस्तीशाळेचा पट तेवीस आहे. ‘पुढच्या वर्षी ही शाळा राहणार नाही’ अशी कुजबुज सुरू होते. आदेश नाही, पत्र नाही, नुसती कुजबुज. चार घरे शहाणपणाने आधीच मुले काढून तालुक्याच्या शाळेत घालतात. पट एकोणीस होतो. कुजबूज आता कागदावर येते. उरलेल्या एकोणीस मुलांची घरे ही बहुधा अशी असतात की ज्यांच्याकडे दुचाकी नाही, रिक्षाचे पैसे नाहीत आणि मुलीला दूर पाठवण्याची हिंमतही नाही. त्या चार घरांना मात्र वाटते, ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो? वेळीच हललो म्हणून वाचलो.’ वस्तुतः अफवा खरी होती म्हणून ते हललेले नसतात. ते हलले म्हणून अफवा खरी झालेली असते.

एक कबुली

हे मी दुसऱ्यांना शिकवण्यासाठी लिहीत नाही. पंधरा वर्षांपूर्वी माझा मुलगा आमच्या भागातील एका मराठी शाळेत चौथीत होता. शाळा जुनी, शिक्षक मायाळू, फी नाममात्र. उन्हाळ्याच्या सुट्टीत बातमी फिरली की पाचवीची एक तुकडी तुटणार. कोणी सांगितले, कोणाला विचारले, काही ठावठिकाणा नाही. मी पत्रकार, दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांकडे जाऊन खरेखोटे करून घेणे हा माझा धर्म होता. मी गेलो नाही. मी दाखला काढायला गेलो. आम्ही अकरा पालक त्या आठवड्यात दाखला काढायला गेलो होतो. जूनमध्ये तुकडी तुटली. जे शिक्षक माझ्या मुलाला पाढे म्हणायला लावत, ते अतिरिक्त ठरून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गेले. त्या वर्गात राहिलेल्या मुलांपैकी एक आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंचा मुलगा होता. तिने तक्रार केली नाही. फक्त एवढेच म्हणाली, “दादा गेला, आता ह्याला शाळेत करमत नाही.”

त्या वर्षी मी प्रमुख पाहुणा म्हणून तीन ठिकाणी मातृभाषेतून शिक्षणावर भाषणे केली होती. त्यांतला एक शब्दही आता आठवत नाही. त्या बाईचे वाक्य मात्र विसरता येत नाही.

तिसरी रेषा : सवलतीची

या विषयाला आणखी एक पैलू आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रमती प्रकरणात असा निर्णय दिला की, अल्पसंख्याक शिक्षणसंस्थांना, मग त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, शिक्षण हक्क कायदा लागू होत नाही. म्हणजे रस्त्याच्या एका बाजूच्या शाळेवर गरीब मुलाला प्रवेश देण्याचे बंधन आहे आणि समोरच्या शाळेवर नाही. गरीब मूल कोणत्या धर्माचे आहे हा येथे प्रश्न नाही. गरीब मुसलमान किंवा ख्रिस्ती मुलालाही त्या समोरच्या शाळेत या कायद्याने जागा मागता येत नाही. ज्याच्या नावाने सवलत घेतली, त्याच्याच लेकराला तिचा उपयोग नाही, असा हा विचित्र न्याय आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निर्णयाच्या अचूकतेविषयी शंका व्यक्त करून तो विषय मोठ्या पीठाकडे नेण्याच्या दृष्टीने सरन्यायाधीशांपुढे ठेवला. हे स्वागतार्ह आहे.

पण बोट दुसऱ्याकडे दाखवताना उरलेली तीन बोटे आपल्याकडे असतात. अल्पसंख्याक दर्जा धर्माच्याच आधारे मिळतो असे नाही. भाषेच्या आधारेही मिळतो. महाराष्ट्रात गुजराती, हिंदी, सिंधी, तेलुगू, कन्नड भाषकांच्या संस्थांना भाषिक अल्पसंख्याक दर्जा मिळू शकतो. त्यांतील कित्येक संस्थांच्या कार्यालयात गणपती आणि सरस्वतीच्या तसबिरी आहेत, आपल्या कार्यक्रमांना त्यांचे विश्वस्त पहिल्या रांगेत बसतात. आपल्या भाषेचे जतन करण्यासाठी हा दर्जा घेणारे आदरास पात्र आहेत. सोलापूरच्या तेलुगू आणि कन्नड भाषक समाजाने या शहराला घडवले आहे. परंतु ज्या शाळेत ती भाषा एक तासही शिकवली जात नाही, त्या शाळेने केवळ सेवावस्तीतील मुलांना दाराबाहेर ठेवण्यासाठी हा दर्जा मिरवला, तर त्याला भाषाप्रेम म्हणायचे काय? वेदिकेवर ‘हिंदू सारा एक’ आणि प्रवेशाच्या खिडकीवर ‘आम्ही अल्पसंख्याक’ असे दोन मुखवटे एका चेहऱ्यावर फार काळ टिकत नाहीत.

आणि आमचे पुरोगामी मित्र? ते तर समान शाळेवर परिसंवाद भरवतात. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शेजारशाळेचा आणि सर्वांसाठी समान शाळापद्धतीचा आग्रह धरला होता, हे ते अचूक उद्‌धृत करतात. परिसंवाद संपला की त्यांची गाडी नातवाला घ्यायला शहराबाहेरच्या वातानुकूलित शाळेकडे वळते. या एका बाबतीत डावे आणि उजवे यांच्यात या महाराष्ट्रात अद्‌भुत मतैक्य आहे!

थांबलेल्यांचे काय होते?

‘आदर्श बोलायला ठीक आहे, पण आमच्या मुलाचे वर्ष वाया गेले तर?’ हा प्रश्न रास्त आहे. कोणत्याही आईबापाला चळवळीसाठी पोटच्या मुलाला पणाला लाव, असे सांगण्याचा अधिकार कोणाला नाही. पण थांबलेल्यांचे नुकसानच होते, हे गृहीतक तरी खरे आहे का?

आपल्याच जिल्ह्यात माढा तालुक्यातील परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा पाहा. २००९ मध्ये रणजितसिंह डिसले तेथे शिक्षक म्हणून आले, तेव्हा त्या शाळेचे रूप कोणाही सुशिक्षित पालकाने पाहताक्षणी दाखला काढावा असेच होते. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणून त्यांनी त्या वस्तीतील मुलांपुढे ध्वनी, चित्र आणि गोष्टींचे भांडार खुले केले. २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्काराचा मान त्यांना मिळाला आणि दहा लाख डॉलरांच्या पुरस्कारातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य शिक्षकांना वाटून टाकली. पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पट घसरून बंद पडण्याच्या उंबरठ्यावर होती. दत्तात्रय वारे गुरुजी आणि ग्रामस्थ एकत्र आले. २०२५ मध्ये त्याच शाळेला जगातील सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा सन्मान मिळाला. या दोन्ही ठिकाणी चमत्कार झाला नाही. एक शिक्षक टिकला, त्याच्या मागे गाव उभे राहिले आणि पटावरची नावे पटावर राहिली.

सगळ्या शाळा परितेवाडी नसतात, हे मान्य. पण ज्या शाळेतून आपण सर्वजण आधीच निघून गेलो, ती परितेवाडी कधी होऊच शकत नाही, हेही मान्य करावे लागेल.

मग करायचे काय?

प्रथम पालकांनी. शाळा बदलण्याचा विचार मनात आला की स्वतःला एक प्रश्न विचारावा : माझ्या हातात कागद आहे की कानात कुजबूज? आदेश असेल तर त्याचा क्रमांक आणि दिनांक मागावा. तो नसेल, तर दाखला काढू नये. मूल आजारी आहे, शिक्षक येत नाही, वर्गात शिकवलेच जात नाही, वाट धोक्याची आहे, घरच दूर गेले आहे, ही शाळा बदलण्याची खरी कारणे आहेत आणि त्यांसाठी बदलणाऱ्याला कोणी दोष देऊ नये. ‘बाकीचे निघाले’ हे कारण नव्हे. त्यातूनही निघायचेच असेल, तर एकट्याने रात्रीत निघू नये. शिक्षण हक्क कायद्यानेच शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. ही समिती सह्या करण्यापुरती न ठेवता तिची बैठक मागावी, शंका तेथे मांडावी. अकरा पालक दाखला काढायला जाऊ शकतात, तर तेच अकरा पालक शिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात एकत्र बसूही शकतात.

दुसरे, कार्यकर्त्यांनी. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत सेवावस्तीत प्रवेश मदत केंद्र चालवणे, हे कोणत्याही उत्सवाइतकेच महत्त्वाचे काम आहे. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, नोंदणीकृत भाडेकरार, संगणकावरचा अर्ज आणि नकाशावर घराची अचूक खूण या पाच पायऱ्यांवर श्रमिक पालक अडखळतो. नकाशावरची खूण दोन गल्ल्या चुकली, तरी शाळा हातची जाते. रोज संध्याकाळी एक तास, एक संगणक आणि एक सुशिक्षित तरुण एवढ्याने शेकडो घरांचा मार्ग सुकर होईल. विशेषतः रे नगरसारख्या नव्या वसाहतीत हे केंद्र असलेच पाहिजे. ती वसाहत उभारण्यात डाव्या नेत्यांचा पुढाकार होता म्हणून आपण तिकडे पाठ फिरवणार असू, तर आपली सेवा ही सेवा नव्हे, हिशेब ठरेल.

तिसरे, शासनाने. पुढील शैक्षणिक वर्षाला लागू होणारा कोणताही नियम, मग तो अंतराचा असो, पटाचा असो वा माध्यमाचा, आदल्या वर्षीच्या दिवाळीपूर्वी जाहीर झाला पाहिजे. शेतकऱ्याला पेरणीआधी बियाणे लागते. पेरणी झाल्यावर बियाणे बदलणाऱ्या कृषिखात्याला आपण काय म्हणू? शाळा हलवायची असेल तर आधी वाहन सुरू करावे, ते एक वर्ष चालवून दाखवावे आणि मगच जुन्या शाळेला कुलूप लावण्याची भाषा करावी. पट मोजताना कमी पट हा केवळ दंडाचा निकष न ठेवता, त्या शाळेला एक चांगला शिक्षक आणि दोन वर्षांची मुदत द्यावी. त्यानंतरही पट वाढला नाही तर समाज शासनाला दोष देणार नाही.

१९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. त्यांच्यापुढे आजच्या इतका पैसा नव्हता, संगणक नव्हता, नकाशे काढणारी यंत्रणा नव्हती. पण सक्ती कोणावर करायची, याविषयी त्यांच्या मनात गोंधळ नव्हता. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला त्यांनी दंड ठेवला. मुलाला अमुक शाळेतच जा म्हणून अडवले नाही. शंभर वर्षांनंतर आपण त्या विचारापासून पुढे गेलो की मागे, याचा ज्याचा त्याने विचार करावा.

त्या विडी कामगार भगिनीचा मुलगा आता शाळेत जातो. कोणत्या, ते येथे सांगत नाही, कारण त्याने मुद्दा बदलत नाही. तिने पुन्हा विचारले, तर आज मी तिला एवढेच सांगेन, “ताई, कागद हातात येईपर्यंत हलू नका. आणि कागद आला, तर एकट्या हलू नका. आम्हाला हाक मारा.”

तिने हाक मारली आणि आपल्यापैकी कोणी उठलेच नाही, तर मात्र तिच्या धावण्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.